दाढ काढली त्याच दिवशी इम्प्लांट, की खड्डा भरेपर्यंत थांबायचं?

मुळाला तडा गेलेली दाढ वाचत नाही असं ठरलं की डॉक्टर दोन वाटा सांगतात. दाढ काढून त्याच बैठकीत इम्प्लांटचा स्क्रू (जबड्याच्या हाडात बसणारं कृत्रिम मूळ, ज्यावर नंतर दात बसवतात) बसवायचा, किंवा खड्डा भरू द्यायचा आणि दोन ते चार महिन्यांनी बसवायचा. पहिली वाट सोयीची वाटते. पण इम्प्लांट टिकतं ते हाडाच्या पकडीवर, तेव्हा निवडही हाड बघूनच करावी.

स्क्रू बसतो तेव्हा त्याला धरून ठेवतो तो केवळ आट्यांचा घट्टपणा. पुढच्या दिवसांत शरीर आट्यांखाली दबलेलं हाड विरघळवतं आणि त्या जागी नवं हाड घालतं. जुनी पकड आधी सैल होते, नवी मागाहून येते, म्हणून दुसरा ते चौथा आठवडा सगळ्यात नाजूक. नेमके तेव्हाच टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस त्या बाजूने चावू लागतो. स्क्रू ०.१ ते ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी चिवट तंतूंचा थर धरतो. बरेचदा दुखतही नाही. कॅपचं, म्हणजे वरच्या कृत्रिम दाताचं, माप द्यायला गेल्यावर स्क्रू गोल फिरतो आणि काढावा लागतो.

त्याच दिवशी बसवण्याचा फायदा उघड आहे: एक शस्त्रक्रिया वाचते आणि काही महिनेही. मात्र त्याने हाडाची झीज थांबते हा समज चुकीचा आहे. समोरच्या दातांची ओठाकडची हाडाची भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. दात गेला की ती आटतेच, आत स्क्रू असो वा नसो. ही वाट धरायची तर भिंत शाबूत हवी, मुळाच्या टोकापलीकडे स्क्रूला पकडायला तीन-चार मिलिमीटर हाड हवं, आणि स्क्रू व भिंत यांच्यात दोन मिलिमीटरहून जास्त फट राहिली तर तिथे बोन ग्राफ्ट (हाडाची भर) भरायला हवा. पू वाहत असेल तर थांबणंच बरं. खालच्या मोठ्या दाढेचा खड्डा दोन मुळांएवढा रुंद असतो आणि स्क्रू मधल्या हाडाच्या पडद्यात बसवावा लागतो. तो पडदा बारीक असेल तर आमचं मत सरळ आहे: थांबा.

थांबण्यातही फरक आहे. सहा ते आठ आठवड्यांत हिरडी मिटते, पण खाली हाड पुरतं भरलेलं नसतं. तीन-चार महिन्यांत स्क्रू धरण्याइतकं भरतं. त्यापुढे ढकलत राहिलात तर तोटा होतो, कारण वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. उशीर होणार हे आधीच ठाऊक असेल तर दाढ काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरून घ्या. वरच्या मागच्या दाढांना सायनसखाली (गालाच्या हाडातली हवेची पोकळी) हाड कमी असेल तर सायनस लिफ्ट, म्हणजे पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरणं, लागते आणि त्यापायी सहा महिनेही जाऊ शकतात.

‘त्याच दिवशी दातसुद्धा’ हा प्रकार आणखी वेगळा. स्क्रू साधारण ३५ न्यूटन सेंटिमीटर टॉर्कला (पिळून बसवण्याच्या जोराला) घट्ट बसला तरच त्याचा विचार होतो, आणि तोही शक्यतो समोरच्या दातांसाठी. तात्पुरता दात दिसण्यापुरता असतो, चावण्यासाठी नाही. खुर्चीत असतानाच बघून घ्या: दातांमध्ये रंगाचा पातळ कागद धरून चावायला लावतात, तेव्हा त्या दातावर ठिपका उमटता कामा नये. उमटला तर घासून कमी करायला सांगा.

पहिले दिवस दोन्हीकडे सारखेच. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ, थोडा थोडा वेळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढलं तर दाखवा. भूल उतरल्यावरही खालचा ओठ बधिर राहिला तर वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. पहिला दिवस चूळ जोरात भरू नका, स्ट्रॉ नको. उकड्या तांदळाची पेज गार करून घ्या, मासळी काटे काढून. भाजके काजू आणि जत्रेतलं खाजं त्या बाजूने किमान दोन महिने बंद. सिगारेट आणि मिशेरी सुटत नसेल तर दोन्ही वाटांत धोका वाढतो. मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आधी तपासून घ्या, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं घेत असाल तर दाढ काढण्याआधीच सांगा.

सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) पाहिल्याशिवाय कुणी ‘आजच बसवू’ म्हणालं तर दुसरं मत घ्या. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहेच. बोटीवर जाणाऱ्यांनी तारखा आधी सांगाव्यात. नाजूक आठवडे समुद्रात जाणार असतील तर दाढ काढून ग्राफ्ट भरून जावं आणि स्क्रू परत आल्यावर बसवावा.