एव्हरक्वेस्ट की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट?

दोन्ही इंटरनेटवर खेळायचे संगणक-खेळ, दोन्ही अमेरिकेतले, दोन्हींत हजारो माणसं एकाच काल्पनिक जगात वावरतात. तरी मार्च १९९९ मधला ‘एव्हरक्वेस्ट’ काही लाख वर्गणीदारांवरच थांबला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोचले.

मला खरा फरक मरणात दिसतो. एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की कमावलेला अनुभव (पात्राची पातळी वाढवणारे गुण) घटायचा आणि अंगावरचं सामान प्रेतापाशीच राहायचं. ते आणायला रिकाम्या हातांनी पुन्हा त्याच राक्षसांच्या तोंडी जायचं. एकट्याने ते जमत नसे. मग ओळखीपाळखीचे, कधी पूर्ण अनोळखीही, मदतीला धावून येत. वॉरक्राफ्टमध्ये भूत होऊन प्रेतापर्यंत पळायचं आणि उठून उभं राहायचं. चिलखत थोडं झिजतं, इतकंच.

वॉरक्राफ्टमध्ये एखाद्या पात्राच्या डोक्यावर पिवळं उद्गारचिन्ह दिसलं की तिथे काम मिळणार, हे नवख्यालाही कळतं. शिवाय खेळ बंद करताना पात्राला सरायीत ठेवलं, तर पुढच्या वेळी शिकारीचा अनुभव काही काळ दुप्पट मिळतो. नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला ही फार मोठी सोय.

म्हणून नवख्याला मी वॉरक्राफ्टच सुचवेन. पण संकटातून जुळणारी माणसं एव्हरक्वेस्टने जास्त दिली, असं मला मनापासून वाटतं. वॉरक्राफ्टमध्ये ती जवळीक चाळीस जणांनी मिळून ‘मोल्टन कोअर’ या राक्षसांनी भरलेल्या गुहेत उतरायच्या रात्रींत होती. २०१९ मध्ये ‘क्लासिक’, म्हणजे खेळाचं सुरुवातीचं रूप परत आणणारी आवृत्ती आली, तेव्हा कितीतरी जुने खेळाडू त्याच रात्रींसाठी परतले.