युरोपा-पार्क की एफ्तेलिंग? तीन पिढ्या बरोबर असतील तर

जर्मनीतल्या मराठी घरांत हा प्रश्न दर उन्हाळ्यात निघतो. आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, पॅरिस आणि स्वित्झर्लंड उरकलेलं असतं आणि मग एक दिवस खास मुलांसाठी काढायचं ठरतं. आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. रुस्ट गावचं युरोपा-पार्क हे राइडचं मोठं उद्यान गाडीने अडीच तासांवर, नेदरलँड्समधलं तसंच उद्यान एफ्तेलिंग साधारण चार तासांवर. दोन्हीकडे आम्ही तीच माणसं घेऊन गेलो: मी, बायको, पाच वर्षांचा मुलगा, पंधरा वर्षांचा भाचा आणि गुडघेदुखी असलेली माझी आई. माझं मत या पाच जणांच्या अनुभवावर बेतलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

दोन्ही ठिकाणं सावकाश वाढत गेली, पण वाढण्याची रीत अगदी वेगळी. युरोपा-पार्क माक घराण्याचं. ही मंडळी वाल्डकिर्खमध्ये १७८० पासून गाड्या आणि पुढे जत्रेतले पाळणे बनवत आली. आपण बनवलेल्या राइड गिऱ्हाइकांना चालू दाखवता याव्यात, म्हणूनही १९७५ मध्ये हे उद्यान उघडलं. त्याचे भाग एकेका देशाच्या धर्तीवर बांधलेले आहेत आणि वाढ होते ती देशांच्या हिशेबाने. १९८२ मध्ये इटली आला, २००० मध्ये ग्रीस, २००९ मध्ये आइसलँड, २०१६ मध्ये आयर्लंड आणि २०२४ मध्ये क्रोएशिया. अलीकडे सात-आठ वर्षांनी एक देश. पण आला की घरं, चौक, खाणं, संगीत आणि मधोमध एखादी मोठी राइड, असं सगळं घेऊनच येतो. जुन्याची कदरही आहे. पायरेट्सची बोटराइड २०१८ च्या आगीत जळाली. ती जागा रिकामी करून दुसरं काही आणता आलं असतं, पण त्यांनी तीच राइड नव्याने उभारून २०२० मध्ये सुरू केली. मला ही गोष्ट फार आवडली.

क्रोएशिया पाहिल्यावर वाट पाहायला लावल्याचं सार्थक वाटतं. दगडी घरं, निकोला टेस्लाची प्रयोगशाळा आणि तिच्या आतून-बाहेरून धावणारा रोलर कोस्टर, व्होल्ट्रॉन नेव्हेरा. गाडी सात वेळा उलटी होते. भाचा उतरला तो थेट पुन्हा रांगेकडे वळला. मलाही खूप दिवसांनी पोटात तसा गोळा आला.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरवला, ती सांगतो. दिवसभर आम्ही पाच जण एकत्र असे फार थोडा वेळ होतो. क्रोएशियाची मुख्य राइड आईला झेपणारी नव्हती आणि मुलगा उंचीत बसत नव्हता. मी आणि भाचा आत, बाकीचे बाकावर. मग बायको आणि भाचा आत, मी बाकावर. त्यानंतर मुलासाठी आयर्लंड गाठलं. लहानांसाठी इतका मन लावून केलेला भाग मी दुसरीकडे पाहिलेला नाही, पण तिथे पंधरा वर्षांच्या मुलाने करायचं काय? तो एकटा सिल्व्हर स्टार या दुसऱ्या कोस्टरकडे निघून गेला. दुपारी तीनला मी फोन पाहिला, तर घरच्यांना केलेले नऊ कॉल होते आणि प्रत्येकात एकच वाक्य, "तुम्ही कुठे आहात?" आई कुरकुरली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "छान होतं हं सगळं. मी आपल्या पिशव्या सांभाळल्या." ते वाक्य मला फ्रँकफर्टपर्यंत पुरलं.

यात दोष उद्यानाचा नाही. प्रत्येक नवा देश कुठल्या तरी एका वयासाठी मन लावून बांधलेला आहे आणि आमच्या घरात तीन वयं आहेत, इतकंच.

एफ्तेलिंग एका न्यासाच्या मालकीचं आहे आणि तिथली वाढ बघायची तर आधी परीकथांच्या जंगलात जायला हवं. १९५२ मध्ये चित्रकार आंतोन पीक यांच्या कल्पनेतून ते दहा गोष्टींनिशी सुरू झालं. मान लांब करून उठणारा लांगनेक तेव्हापासून तिथे आहे. मग एकेक गोष्ट येत गेली. २००४ मध्ये काडेपेट्या विकणारी मुलगी, २००९ मध्ये सिंड्रेला, २०१२ मध्ये राजाचे नवे कपडे, २०१६ मध्ये पिनोकिओ, २०१९ मध्ये सहा राजहंस. तीन-चार वर्षांत एक छोटं घर, एक तळं, एक बाहुली. जाहिरातीत ते किती उठून दिसत असेल, मला शंका आहे. पण झाडं जुनी आणि घरं त्यांच्यात मुरलेली, त्यामुळे नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे ओळखू येत नाही.

तिथे आम्ही एकत्र होतो. १९६६ ची 'भारतीय कमळं' ही गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओला यांची. गुहेसारख्या अंधारात तळं, चेटकीण, गाणारे बेडूक आणि कमळं उमलली की त्यांतून नाचणाऱ्या पऱ्या. निवेदन डच, आम्हाला एक शब्द कळला नाही. आईने मुलाला मांडीवर घेतलं आणि स्वतःची गोष्ट मराठीत रचून सांगितली. भाचा मागे उभा राहून ऐकत होता. आम्ही तो खेळ दोनदा पाहिला. बाहेर 'पापीर हीर' (कागद इकडे) म्हणत कागद ओढून घेणारी बोलकी कचरापेटी, होले बोले खैस, दिसली आणि मुलाने वाटेतला कचरा गोळा करून तिला भरवायला सुरुवात केली. आजी बाकावरून कागद पुरवत होती. पुढे सिम्बोलिकाच्या राजवाड्यात आणि ड्रोमफ्लुख्तच्या परीराज्यात पाचही जण बसलो.

एफ्तेलिंगलाही सगळं जमलं असं नाही. १९७८ चा भुतांचा वाडा पाडून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे डान्स मकाब्र ही राइड सुरू झाली. जुन्या मठाचा देखावा आणि त्यात आपण बसलेल्या बाकांसकट जमीन फिरते आणि कलते. तिथे मुलगा उंचीत बसला नाही, आईने नको म्हटलं, म्हणजे पुन्हा तेच बाक. पण ते एकदाच घडलं. आणि कोस्टरच्या वेडाने जाणार असाल तर इथल्या बॅरन १८९८ वर समाधान मानावं लागेल. छान आहे, पण व्होल्ट्रॉनची सर नाही.

तेव्हा घरातली सगळी मुलं बारा-तेराच्या पुढची असतील आणि मोठ्यांचे गुडघे शाबूत असतील, तर रुस्टच गाठा, आणि जमल्यास दोन दिवस. थंडीत जायचं असेल तर मात्र एफ्तेलिंग वर्षभर उघडं असतं, युरोपा-पार्क मधल्या काळात बंद असतं, तारखा आधी पाहून घ्या. डबा आम्ही दोन्हीकडे नेला.

आणि आजी-आजोबा, मोठं मूल, लहान मूल अशी आमच्यासारखी मोट बांधायची असेल, तर दीड तास जास्त गाडी चालवायला मी तरी तयार आहे. गेलात तर बहुतेक लोक कोस्टरकडे धावतात तेव्हा, सकाळी सकाळी, परीकथांच्या जंगलात शिरा. आईने पुढच्या वर्षीच्या व्हिसाचे कागद काढायला सांगितलेत आणि बेडकांची गोष्ट तिने अजून पूर्ण केलेली नाही.