बारावी पिढी म्हणून दुसरी पिढी गळ्यात मारली: नाशिककरांनो, कॉम्प्युटर घेताना सांभाळा

४६,५०० रुपये. त्यातले २०,००० यूपीआयने, २६,५०० रोख. नंतर ‘रॅम कमी पडतेय, वाढवा’ म्हणून आणखी ३,२०० उकळले. एकूण ४९,७००. एवढ्या पैशांत मला मिळाला २०११ साली बाजारात आलेला, दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप), काचेच्या नव्याकोऱ्या कॅबिनेटमध्ये, रंगीत दिव्यांसकट. दुकान नाशिकमधलंच. प्रकरण तक्रारीत आहे म्हणून नाव लिहीत नाही, नाहीतर बोर्डाच्या फोटोसकट टाकलं असतं.

जुना माल नवा म्हणून कसा खपवतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. पण यांनी जी शक्कल लढवली ती बघा.

मी सिडकोत राहतो, लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. तिथी लागल्या की एका दिवसात गंगापूर रोडला एक आणि संभाजीनगर रोडच्या लॉन्सवर दोन अशी शूटिंग येतात. जुनं मशीन दम टाकायला लागलं म्हणून आय७-१२७०० हा इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर असलेलं मशीन घ्यायचं ठरवलं. डोळे मिटून नाही घेतलं. दुकानात मीच म्हटलं, विंडोजच्या प्रॉपर्टीज उघडून दाखवा. त्याने दाखवल्या. स्क्रीनवर स्वच्छ लिहिलेलं: बारावी पिढी, आय७-१२७००, पुढे ३.४० गीगाहर्ट्झ.

त्या ३.४० वर आजही माझा जीव जळतो. १२७०० चा मूळ वेग २.१ गीगाहर्ट्झ असतो, मी घरून बघून गेलो होतो. विचारलंसुद्धा की हा आकडा जास्त कसा. तर म्हणतो, “दादा, आम्ही ट्यून करून देतो. वर चार कोअर. ३.४ गुणिले ४, म्हणजे १३.६ गीगाहर्ट्झ! अख्ख्या नाशिकमध्ये कोणी देणार नाही.” चार कोअर! कोअर म्हणजे चिपमधला काम करणारा एकेक भाग, आणि १२७०० ला ते बारा असतात. चोर स्वतःच्या तोंडाने सांगत होता. पण कबूल केल्यापेक्षा जास्त मिळतंय म्हटल्यावर कोण भांडायला जातं? कमी दिसलं असतं तर मी तिथेच कॉलर धरली असती.

कोअरचा गुणाकार करून गीगाहर्ट्झ सांगणारा दुकानदार दिसला की उठून चालू पडा. कोअर वाढले म्हणून वेगाचा असा गुणाकार होत नाही. कामाचे तुकडे पडत असतील तरच ते सगळे राबतात. पुढची पायरी मागचीवर अडकलेली असेल तर एक कोअर घाम गाळतो आणि बाकीचे बघत बसतात. संगणकतज्ज्ञ जीन अमडाल यांनी हे १९६७ सालीच मांडून ठेवलंय.

घरी आणल्यापासून मशीन चालू केलं की एक काळी खिडकी पापणी लवेपर्यंत उघडायची आणि मिटायची. मी फोन केला. “अँटिव्हायरस अपडेट होतोय दादा, बंद करू नका.” बंद करू नका म्हणे! ती खिडकी म्हणजेच सगळा डाव होता. प्रॉपर्टीजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव विंडोज स्वतःच्या नोंदवहीतून, म्हणजे रजिस्ट्रीतून, उचलते. ती नोंद दर वेळी मशीन सुरू होताना चिपकडून नव्याने भरली जाते, म्हणून यांनी एक छोटी फाईल घुसवून ठेवली होती. खरं नाव आलं की ती लगेच त्यावर खोटं लिहायची. पिढी बदलली, कोअर मात्र बदलता आले नाहीत.

पकडलं ते माझ्या भाच्याने. नव्या कॅमेऱ्याचं एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) फुटेज टाइमलाइनवर टाकलं की चित्र अडखळायचं, एक्सपोर्ट रात्रभर चालायचं, पंखा घरघरायचा. एका पार्टीने उशीर झाला म्हणून ५,००० कापून घेतले, तेही यांच्याच खात्यावर लिहिलेत मी. भाच्याने टास्क मॅनेजर उघडला. कोअर ४, लॉजिकल प्रोसेसर (एका वेळी चालणारी कामं) ८. असायला हवेत १२ आणि २०. रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची, आणि बारावी पिढी डीडीआर४ किंवा डीडीआर५ च घेते. मग त्याने सीपीयू-झेड हे चिपची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते रजिस्ट्रीला विचारत नाही, थेट चिपला विचारतं. उत्तर आलं: आय७-२६००. दुसरी पिढी! कूलर उघडला तर खाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, आणि ती पुसल्यावर धातूवर कोरलेलं तेच नाव. दुसऱ्या एका दुकानात या प्रोसेसरचा भाव विचारला. १,८०० रुपये.

आणि गंमत बघा, ३.४ हा आकडा खोटा नव्हताच. २६०० चा मूळ वेग खरोखर ३.४ आहे. गीगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके, एवढंच. एका ठोक्यात काम किती उरकतं ते चिपच्या रचनेवर ठरतं, आणि तिथे या दोघांत दहा-अकरा वर्षांचं अंतर आहे. पेन्टियम ४ या जुन्या प्रोसेसरला इंटेल ४ गीगाहर्ट्झवर नेणार होतं, तापमानापुढे हात टेकून २००४ मध्ये तो बेत सोडला, आणि २००६ साली कमी गीगाहर्ट्झच्या इंटेलच्याच कोअर २ ड्युओने त्याला मागे टाकलं. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, बघा: २६०० ला ८ एमबी, १२७०० ला २५. लागणारी माहिती कॅशेत नसेल तर प्रोसेसर रॅमची वाट बघत ताटकळतो, मग ठोके कितीही पडू देत. एच.२६५ उलगडायची सोय १२७०० मध्ये चिपमध्येच आहे; २६०० मध्ये नाहीच, सगळा भार कोअरवर. त्यात पेस्ट वाळलेली. फार तापला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. म्हणजे मला ते ३.४ सुद्धा धड मिळत नव्हते.

आता चौकीची कथा. हवालदारसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “कॉम्प्युटर चालू होतो ना? मग फसवणूक कसली?” मी रजिस्ट्री समजावतोय, ते चहा पितायत. वरच्या साहेबांचं मत, हा दिवाणी मामला. अहो, खोटं नाव लिहिणारी फाईल मुद्दाम घुसवलीय, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे ना? “तुम्ही वकील आहात का?” मग म्हणाले, कॉम्प्युटरचं आहे तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झालाय, हे ऑनलाइन नाही, तुमच्या ठाण्यात जा. परत आलो तर पहिले हवालदार सुट्टीवर आणि नवे म्हणतात पहिल्यापासून सांगा. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जागेवर नव्हता. दुकानदार मात्र रोज दहाला शटर वर करतो, त्याला कुठेही जावं लागत नाही.

सगळीकडे एकच प्रश्न: पक्कं बिल आहे का? नाही. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,३७० वर पडत होते. धंद्यात एवढे कोण सोडतं? पण तुम्ही सोडा. बिलावर प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, नुसतं ‘आय७’ नको, आय७ दुसऱ्या पिढीचाही असतो. पैसे देण्याआधी पेन ड्राइव्हवरून सीपीयू-झेड चालवा; दुकानदार नको म्हणाला तर तेच उत्तर समजा. नव्या मशीनवर विंडोज १० का टाकलंय, विचारा. दुसऱ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आठवी पिढी लागते. यूपीआयची पावती आणि चॅट पुसू नका, माझ्याकडे आता तेवढंच आहे.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. मी तक्रार टाकली आहे. तक्रारीची प्रत पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला: “दादा, आणखी १५,००० द्या, खरं बारावं जनरेशन बसवून देतो.” खरं! तो कॉल रेकॉर्ड झालाय आणि तोही जोडणार आहे.