'राउंड मिडनाइट'नंतर मंकचं काय ऐकावं: 'स्किपी' की 'अग्ली ब्यूटी'?

अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंकच्या सुमारे ७० रचनांपैकी 'राउंड मिडनाइट' आणि 'ब्लू मंक' जॅझ ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या असतात. त्यांच्यापलीकडे जायचं असेल, तर माझ्या मते निवड 'स्किपी' आणि 'अग्ली ब्यूटी' या दोघींत करावी.

'स्किपी' १९५२ साली ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी सहा वादकांनी वाजवली. ट्रम्पेटवर केनी डॉरहॅम, ड्रम्सवर मॅक्स रोच. कॉर्ड्सचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, सांगाडा 'टी फॉर टू' या जुन्या लाडिक गाण्याचा, पण वरची चाल इतकी वेगवान आणि काटेरी आहे की सांगितल्याशिवाय नातं ओळखू येत नाही. कॉर्ड्स अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली घसरत जातात आणि कान आधार शोधत राहतो. म्हणून थेट 'स्किपी' लावू नका. मंकनं १९५६ साली बास आणि ड्रम्सच्या साथीनं केलेलं 'टी फॉर टू' आधी ऐका, मग इकडे या. गोंधळ बराच निवळतो.

'अग्ली ब्यूटी' १९६७ची, 'अंडरग्राउंड' या अल्बममधली. मंकची ही एकमेव वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची रचना. चाल संथ, उदास, आणि कुठेही गोडगोड न होणारी. चार्ली राउझचा टेनर सॅक्सोफोन ती मांडतो आणि मंक मागून मोजक्याच कॉर्ड्स टाकतो. दुसऱ्यांदा ऐकताना सॅक्सोफोन सोडून फक्त पियानोकडे कान द्या. न वाजवलेल्या जागांवर मंकची केवढी हुकमत होती, ते तिथे कळतं.

नुसतं ऐकायचं असेल, तर बिनधास्त 'अग्ली ब्यूटी'. पहिल्याच फेरीत ती मनात घर करते. पियानोवर बसवायची असेल, तर उत्तर बदलतं. 'स्किपी'ला बोटांची तयारी लागते, पण ती रियाजानं येते. 'अग्ली ब्यूटी'चे स्वर लवकर हाती लागतात, मात्र संथ लयीत रिकामी जागा भरण्याचा मोह आवरणं फार कठीण. शिकणाऱ्यानं 'स्किपी'च घ्यावी, अगदी निम्म्या वेगात का होईना.

त्याच 'अंडरग्राउंड'मध्ये 'ग्रीन चिम्नीज'ही आहे. छोटा तुकडा फिरून फिरून येतो, चटकन पाठ होते; पण या दोघींइतकी खोल मला ती वाटत नाही.

'स्किपी' आवडलीच, तर सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसीचा १९५८ सालचा 'रिफ्लेक्शन्स' हा अल्बम मिळवा. सगळ्या रचना मंकच्या, आणि 'स्किपी' तिथे सोप्रानो सॅक्सोफोनवर आहे.