कोरा कॅनव्हास घेऊन बसलेल्यांसाठी: नागपूरच्या धरमपेठेतला दोन दिवसांचा ॲबस्ट्रॅक्ट (अमूर्त) पेंटिंग वर्कशॉप

मार्चमधल्या शनिवार-रविवारी केला, 11 ते 5, फी 2,800, त्यात कॅनव्हास रंग ब्रश सगळं त्यांचंच. मला खूप आवडला आणि मी परत जाणार आहे, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते कारण 2,800 काही कमी नाहीत.

मी कशासाठी गेली ते आधी सांगते, नाहीतर या रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आम्ही डागा लेआउटमध्ये तळमजल्यावर राहायचो. पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर भिंतीवर कमरेच्या उंचीला चिखलाची एक रेघ राहिली होती, सगळ्या खोल्यांत एकाच लेव्हलला, पट्टी धरून आखल्यासारखी सरळ. ती रेघ माझ्या डोक्यातून जातच नव्हती. चित्र काढायची सवय कॉलेजपासूनची, म्हणून दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा झालं काय तर पाणी, तरंगणारं कपाट, खिडकी, म्हणजे पेपरातल्या बातमीचं चित्र. जे वाटलं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. मग 2 बाय 2 फुटाचा कॅनव्हास आणला आणि तो वर्षभर तसाच कोरा पडून होता, रोज दिसायचा आणि रोज मी नजर फिरवायची.

इथले सर ड्रॉइंग टीचर होते, आता रिटायर्ड. सुरुवात कशी करायची याच एका गोष्टीवर ते पूर्ण दोन दिवस घालवतात, आणि हेच मला सगळ्यात जास्त पटलं, कारण बाकी क्लासमध्ये एकदम "मनात येईल ते काढा" म्हणून सोडून देतात. मनात काही येत नाही म्हणूनच तर माणूस क्लासला येतो ना!

पहिला तास फक्त पांढरं घालवायचं. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) पाण्यात पातळ करून पूर्ण कॅनव्हासवर फासायचा आणि चिंधीने अर्धामुर्धा पुसायचा. पांढऱ्यावर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडदच दिसतो, म्हणून आपण घाबरून फिकट फिकट लावत जातो, पण खाली मधला टोन, म्हणजे ना गडद ना फिकट, असला की गडद आणि उजेड दोन्हीकडे जाता येतं. हे त्यांनी एकच राखाडी पट्टी दोन कॅनव्हासवर लावून दाखवलं, आणि खरंच दोन वेगळे रंग वाटून राहिले होते. कळायला पाच मिनिटं लागली आणि मी किती वर्षं पांढऱ्यावरच झटत होती.

मग चारकोल, म्हणजे चित्र काढायचा कोळसा. हातभर काडीला बांधलेला, उभं राहून, हात खांद्यापासून फिरवायचा, मनगट हलवायचं नाही. मी रेघा ओढून राहिली होती आणि अर्थातच तीच आडवी रेघ येत होती. सर मागे येऊन थांबले, विचारलं, "ताई, काय काढून राहिल्या?" मी पुराचं सांगितलं. ते म्हणाले, "पाणी राहू द्या. त्या रात्री तुमचे हात काय करून राहिले होते ते आठवा."

मी गव्हाचे डबे उचलून ओट्यावर ठेवत होती. मग गाद्या, मग सासूबाईंच्या औषधांचा डबा, मुलाची दप्तरं, आणि खाली वाकायचं आणि वर ठेवायचं, अंधारात, कितीतरी वेळ. त्यांनी सांगितलं तेवढंच करा, खालून वर, जितक्या जोरात उचललं तितक्याच जोरात. मी केलं. दोन मिनिटांत कॅनव्हासचा खालचा अर्धा भाग काळा झाला आणि माझा श्वास चढला, आणि तिथे पहिल्यांदा मला वाटलं की हे त्या रात्रीचं आहे. एकही वस्तू काढलेली नव्हती.

या एका प्रश्नासाठी मी पुन्हा फी भरीन.

त्याच दुपारी हँडमेड पेपरच्या पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर एका तासात सहा सुरुवाती करायला लावल्या, प्रत्येकीला दहा मिनिटं, एकही पूर्ण करायची नाही. एक नुसत्या शब्दांनी, म्हणजे जे बोलता येत नाही ते लिहायचं आणि त्यावरूनच रंग मारून झाकायचं. एक डाव्या हाताने. एक पेपरचे फाडलेले तुकडे चिकटवून. एक फक्त तीन टोनमध्ये, काळा-राखाडी-पांढरा. मला शब्दवाली आणि फाडलेल्या कागदाची जमली, डाव्या हाताची अजिबात नाही. पण सहा समोर ठेवल्यावर आपोआप कळतं की पुढे कुठल्या रस्त्याने जायचं, आणि मोठ्या कॅनव्हासची भीती तिथेच अर्धी होते. ज्यांना घरीच करायचंय त्यांनी निदान हे नक्की करा.

दुसऱ्या दिवशी रंग. पांढरा सोडून फक्त तीन: रॉ अंबर (मातकट तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा). दोन-तीन जण नाराज झाले पण मला हे बरोबर वाटतं, सुरुवातीलाच बारा ट्यूबा उघडल्या की सगळं मिसळून मातकट होतं. आणि खालचा थर वाळल्याशिवाय वर जायचं नाही हे ते सारखं सांगत होते. ब्रश नाही, भिंतीला पुट्टी भरायची पट्टी आणि जुनं एटीएम कार्ड. लावायचं, खरवडायचं, परत लावायचं. चारकोल रंगात मिसळून राखाडी होत होता म्हणून आधी मॅट मीडियमचा (वाळल्यावर चमक न येणारं पारदर्शक द्रावण) एक हात दिला.

इथेच सरांनी चित्रकार गायतोंडेंबद्दल सांगितलं. वासुदेव गायतोंडे 1924 साली आपल्या नागपुरात जन्मले हे मला माहीतच नव्हतं! ते रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवायचे, काढायचे, कागदाचे कापलेले तुकडे रंगावर दाबून आकार उमटवायचे आणि आपल्या चित्रांना ॲबस्ट्रॅक्ट म्हणायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूचं नसलेलं, म्हणायचे. चित्रकार एस. एच. रझा पण इथल्याच नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून मग मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. ज्या शहरातून ही दोन माणसं निघाली तिथे ॲबस्ट्रॅक्ट दाखवलं की लोक विचारतात हे काय आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी चिखलाची रेघ शेवटी आली ती दुपारी तीनला, काढायला गेली नव्हती तरी. अंबरचा जाड थर पट्टीने एका झटक्यात आडवा ओढला आणि खालच्या त्या वर जाणाऱ्या काळ्या रेघा बरोब्बर तिथे कापल्या गेल्या. सर काहीच बोलले नाहीत, कॅनव्हास उलटा करून ठेवला आणि मला चहा प्यायला पाठवलं.

आता खटकलं ते. पहिल्या दिवशी शेवटचा दीड तास पोअरिंगचा, म्हणजे कपातले रंग ओतून कॅनव्हास तिरपा करायचा. दिसतं छान, फोटो पण छान येतात, पण सगळ्यांची चित्रं सारखीच झाली, आणि दिवसभर जे शिकवलं त्याच्या एकदम उलट. तो वेळ छोट्या सुरुवातींना द्यायला हवा होता. दुसरं, रंग स्टुडंट क्वालिटीचे, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे हलके. थरांवर थर चढवायला शिकवता तर निदान पांढरा तरी चांगला द्या, माझा दोनदा लावूनही खालचं झाकत नव्हता. तिसरं, वर्कशॉप गच्चीवर होता, वर हिरवी जाळी आहे पण मार्चमध्येच दुपारी ऊन असं की पॅलेटवरचा ॲक्रेलिक बघता बघता कातडी धरतो, आणि सोळा जणांत पाण्याचा स्प्रे एकच. बॅच दहाची ठेवा. फी थोडी वाढवली तरी चालेल, सरांना प्रत्येकाच्या मागे येऊन उभं राहायला वेळ मिळाला पाहिजे, कारण या वर्कशॉपची खरी किंमत तिथेच आहे. मला तो वेळ मिळाला, पण माझ्या बाजूची मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सूर्यास्तच काढत होती, तिच्याकडे कोणी वळलंच नाही.

पाच पैकी चार. एप्रिल-मेची बॅच असेल तर गच्चीवर आहे की खाली हॉलमध्ये ते फोनवर आधी विचारून घ्या. स्वतःचा स्प्रे न्या, जुनी सुती ओढणी फाडून चिंध्या न्या, तिथे कमी पडतात, आणि कॅनव्हास ओला असेल तर टू-व्हीलरवर नेऊ नका. मी तिथेच ठेवून आली, सोमवारी ऑटोने जाऊन आणला.