योगसूत्रांकडे जाण्याच्या दोन वाटा: व्यासभाष्य की थिऑसफी?

योगदर्शन नीट समजून घ्यायचे ठरवून जो वाचक ग्रंथालयात जातो, त्याच्या हाती दोन जातींची पुस्तके येतात. पहिल्या जातीची पुस्तके पतंजलीची सूत्रे व्यासभाष्य (सूत्रांवरचे सर्वांत जुने भाष्य), त्यावरची वाचस्पती मिश्रांची टीका किंवा भोजवृत्ती (भोजराजाने लिहिलेले विवरण) यांच्या आधाराने उलगडतात. दुसऱ्या जातीची पुस्तके थिऑसॉफिकल सोसायटीच्या वर्तुळातली आहेत: अ‍ॅनी बेझंट यांची योगावरील व्याख्याने, किंवा अलाहाबाद विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे आय. के. तैमनी यांचे 1961 साली अड्यारहून निघालेले सूत्रविवरण. कर्म, मनस्, बुद्धी, आकाश, चक्र, समाधी हे शब्द दोन्हीकडे सारखेच दिसतात आणि नवख्या वाचकाची फसगत नेमकी तिथे होते, कारण शब्द ओळखीचा निघाला की अर्थही ओळखीचाच असणार असे गृहीत धरून तो पुढे जातो.

आधी थिऑसफीच्या, म्हणजे या सोसायटीच्या तत्त्वज्ञानाच्या, पदरात तिचे श्रेय घातले पाहिजे. न्यूयॉर्कला 1875 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी 1879 मध्ये मुंबईत उतरले, ऑक्टोबरात त्यांनी तिथूनच ‘द थिऑसफिस्ट’ हे मासिक सुरू केले, आणि 1882 च्या अखेरीस मुख्यालय मद्रासजवळच्या अड्यारला हलवले. त्या थोड्या वर्षांत मुंबईच्या शाखेतले तुकाराम तात्या यांनी योगसूत्रे भोजवृत्तीसह इंग्रजीत छापून काढली. इंग्रजी शिकलेल्या हिंदू तरुणाला आपल्या ग्रंथांची लाज वाटू लागण्याच्या त्या काळात हे काम लहान नव्हते. लंडनला कायदा शिकणाऱ्या मोहनदास गांधींना गीता वाचायला प्रवृत्त करणारे दोघेही थिऑसफिस्टच होते.

परंतु ग्रंथ लोकांपुढे आणणे वेगळे आणि त्यांचा अर्थ लावणे वेगळे. मतभेदाची सर्वांत बोलकी जागा म्हणजे माणसाची घटना. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच कोश येतात आणि वेदान्त स्थूल, सूक्ष्म व कारण अशी तीन शरीरे मानतो. थिऑसफी मात्र सात तत्त्वे सांगते: स्थूल शरीर, लिंग शरीर, प्राण, कामरूप, मनस्, बुद्धी आणि आत्मा. नावे बहुतेक संस्कृतच आहेत, मांडणी मात्र 1880 च्या दशकातली आहे. थिऑसफीतली बुद्धी ही मनसाच्या वरची, आत्म्याचे वाहन असलेली आध्यात्मिक पायरी ठरते. सांख्य-योगात बुद्धी प्रकृतीचाच, म्हणजे जगाच्या मूळ द्रव्याचाच, पहिला विकार आहे, म्हणजे कितीही सूक्ष्म असली तरी जडच. गमतीचा भाग असा की सातांच्या या गणितावर पहिला ठाम आक्षेप बाहेरच्या कोणी घेतला नाही, तर सोसायटीतलेच विद्वान टी. सुब्बा राव यांनी घेतला. अड्यारला दिलेल्या गीतेवरील व्याख्यानांत त्यांनी तीन उपाधी (आत्म्यावरची आवरणे) आणि आत्मा अशी चौपदरी विभागणी अधिक सोयीची मानली आणि त्यावरून ब्लाव्हाट्स्कींशी त्यांचा छापील वाद झाला. ज्याला थिऑसफी एकजिनसी वाटते, त्याने हा वाद अवश्य शोधून वाचावा.

ध्येयाच्या बाबतीतली दरी तर आणखी खोल आहे. ‘योग म्हणजे जोडणे’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे, की व्यासभाष्य पहिल्याच सूत्रावर ‘योगः समाधिः’ म्हणते हे पाहून दचकायला होते. पतंजलीचा मार्ग जोडण्याचा नसून वेगळे ओळखण्याचा आहे: पुरुष (शुद्ध चैतन्य) आणि प्रकृती यांतला भेद कळला, विवेकख्याती म्हणजे ही भेदाची जाणीव स्थिर झाली, की उरते ते कैवल्य, पुरुषाचे निखळ एकटेपण. थिऑसफीत एका मूळ तत्त्वातून निघालेला जीव युगानुयुगे विकसित होत पुन्हा त्याच्याकडे परततो, आणि जो सर्वांत पुढे गेला आहे त्याने निर्वाण बाजूला ठेवून मागे राहिलेल्यांसाठी थांबावे, असा आदर्श सांगितला जातो. हा आदर्श उदात्त आहे यात शंका नाही, पण त्याचे मूळ महायान बौद्ध विचारात आहे, पतंजलीत नाही.

पुनर्जन्माचेही तसेच. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा कीर्तनात ऐकलेल्या माणसाला थिऑसफीचे म्हणणे नवे वाटेल, कारण तिच्या मते एकदा मनुष्यत्वाला पोचलेला जीव पशुयोनीत परतत नाही. छांदोग्य उपनिषद निंद्य आचरणाच्या माणसाला कुत्र्याची किंवा डुकराची योनी मिळते असे स्पष्ट सांगते, आणि योगसूत्रांतला कर्माशय, म्हणजे साठलेले कर्मसंस्कार, जाती, आयुष्य व भोग अशी तीन फळे देतो; त्यात सतत वर चढण्याची हमी कुठेच नाही. मृत्यूनंतरच्या सुखावस्थेला थिऑसफिस्ट ‘देवचन’ म्हणतात. मराठी कानाला त्यात देव ऐकू येतो खरा, पण शब्द तिबेटी आहे.

गुरुतत्त्वाबद्दल थोडक्यात एवढेच, की पतंजलीचा ईश्वर हा काळाने मर्यादित नसलेला, पूर्वीच्यांचाही गुरू आहे, तर थिऑसफीत ती जागा बव्हंशी मोर्य, कूट हूमी अशा देहधारी महात्म्यांनी व्यापली आहे. सिद्धींकडे पाहण्याची दृष्टी मात्र साधकाने नीट तपासावी. सूत्रांच्या चार पादांपैकी (प्रकरणांपैकी) तिसऱ्यात पतंजली सिद्धींची, म्हणजे योगाने मिळणाऱ्या अद्भुत शक्तींची, लांब यादी देतो आणि मध्येच त्या समाधीत उपसर्ग आहेत, म्हणजे अडथळा आहेत, असे बजावतो. ब्लाव्हाट्स्कींनीही त्यांच्या नादी लागण्याविरुद्ध इशारे दिले होते. पण पुढच्या पिढीत थिऑसफिस्ट लेखक सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी दिव्यदृष्टीने पाहिलेल्या गोष्टींना जवळजवळ प्रमाणग्रंथाचे स्थान मिळाले. 1927 च्या त्यांच्या चक्रांवरील पुस्तकात स्वाधिष्ठानाच्या, म्हणजे परंपरेतल्या खालून दुसऱ्या चक्राच्या, जागी प्लीहेचे चक्र येते. आज योगवर्गांच्या भिंतींवर टांगलेल्या रंगीत तक्त्यांमागे हठयोगाच्या ग्रंथांइतकाच या साहित्याचाही हात आहे. कुंडलिनीचे वर्णन हवे असेल, तर मराठी वाचकाच्या घरातच ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आहे. कुंकवाने न्हालेले नागिणीचे पिले वेटोळे घालून निजले आहे, ही ओवी नाथपरंपरेच्या आतून आलेली आहे.

तेव्हा निवड कोणी कशी करावी? ज्याला प्रत्यक्ष साधना करायची आहे किंवा सूत्रकाराचे म्हणणे त्याच्याच शब्दांत हवे आहे, त्याने व्यासभाष्यावर आधारलेले पुस्तक घ्यावे, आणि पहिल्या पादाची दमछाक टाळायची असेल तर दुसऱ्या, साधनपादापासून सुरुवात करावी. ज्याचे कुतूहल धर्मांच्या तुलनेत आहे, किंवा विवेकानंदपूर्व काळात हिंदू कल्पना पश्चिमेत कशा पोचल्या हे ज्याला पाहायचे आहे, त्याला थिऑसफीचे साहित्य सोडून चालणार नाही. सभासद होण्यासाठी स्वतःचा धर्म सोडावा लागत नाही, ही त्या संस्थेची जमेची बाजूही त्याने लक्षात घ्यावी. दोन्ही वाचायचे असतील, तर माझ्या मते क्रम बदलू नये: आधी भाष्य, मग तैमनी. तैमनींची शैली स्वच्छ आहे, सूत्रांचा अन्वय ते कष्टाने लावतात, आणि भाष्य वाचून आलेल्या वाचकाला ते पतंजली सोडून सप्ततत्त्वांकडे कोणत्या ओळीवर वळले हे आपोआप दिसते.