जुन्या गाडीचं दार रुसलंय: स्वतः बघावं, इलेक्ट्रिशियनकडे न्यावं की सर्व्हिस सेंटरला?

जूनची पहिली सर, आणि ड्रायव्हरच्या दाराची काच अर्ध्यावर अडकलेली. त्याआधी महिनाभर सेंट्रल लॉकचीही लहर चालू होती. सकाळी चारही दारं लागायची, संध्याकाळी ड्रायव्हरचं उघडंच राहायचं. गाडी १४ वर्षांची हॅचबॅक. पुढच्या वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करून आणखी ५ वर्षं वापरायचा बेत, त्यामुळे ‘जाऊ दे, विकून टाकू’ हा मार्ग बंद. उरल्या तीन वाटा: स्वतः उघडून बघणं, नाक्यावरचा ऑटो-इलेक्ट्रिशियन, किंवा कंपनीचं सर्व्हिस सेंटर. मी तिन्ही धरल्या, तेही शेवटच्या वाटेपासून सुरुवात करून.

सर्व्हिस सेंटर

आधी तिथंच गेलो. सल्लागारानं बटण दाबलं, काच हलली नाही. ‘मोटर गेलीय सर, मशीनसकट बदलावी लागेल,’ म्हणत एस्टिमेट हातात ठेवलं. मशीन म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा. लॉकच्या मोटरीची ओळ वेगळी. दाराचं आतल्या बाजूचं पॅड कुणी उघडलंच नव्हतं. मी कागद खिशात घालून घरी आलो.

त्यांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिथली रीतच आख्खा भाग बदलण्याची, कारण बदललेल्या भागाची हमी देता येते, जोडलेल्या वायरीची देता येत नाही. काही कामं मात्र तिथंच न्यावीत. चावीत इमोबिलायझरची (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी) चिप आहे आणि दुसरी चावी जुळवायचीय, स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचायचाय, दारात साइड एअरबॅगचा सेन्सर आहे, अशा वेळी पैसे वाचवायला जाऊ नका. एअरबॅगचे कनेक्टर बहुधा पिवळे असतात. पिवळं दिसलं की हात मागे. आणि मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर पार्ट मिळतो का, हे गाडी नेण्याआधी फोनवर विचारा.

स्वतः

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच अर्धं निदान होतं. एकच दार रुसलंय की चारही? चारही असतील तर फ्यूज, रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच), नाहीतर ड्रायव्हरच्या दारातून बाकीच्यांना हुकूम देणारा स्विच. एकच असेल तर दोष बहुधा त्याच दारात. मग कान लावा. ‘खट्’ आवाज येतोय पण खटका हलत नाही, म्हणजे करंट पोचतोय. लॅचमधलं, म्हणजे दार धरून ठेवणाऱ्या कडीतलं, ग्रीस सुकलंय किंवा मोटरीचे प्लॅस्टिकचे दाते झिजलेत. आवाजच नाही, तर वायर किंवा मोटर. काच वर जाते पण कण्हत जाते, तर आधी काचेच्या रबरी खाचेत सिलिकॉन स्प्रे मारून बघा. इंजिन ऑइल नको, रबर फुगतं. आणि मागचं दार आतून उघडत नाही म्हणून गॅरेज गाठणाऱ्यांनी चाइल्ड लॉकचा खटका बघावा. हसू नका, आमच्या घरी झालंय.

माझा प्रश्न सुटला तो एका सोप्या युक्तीनं. मुलीला काचेचं बटण दाबून धरायला सांगितलं आणि दार सावकाश उघडत गेलो. अर्ध्याहून थोडं जास्त उघडल्यावर काच सुळकन वर! म्हणजे मोटर ठणठणीत.

दार आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागऱ्यांजवळ एक रबरी नळी असते. दाराच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. दारं आणि डिकी सोडली तर गाडीतल्या बहुतेक वायरी एकदा बसल्या की जागच्या हलत नाहीत. इथल्या मात्र रोज वाकतात. दिवसाला १० वेळा धरलं तरी १४ वर्षांत ५०,०००हून जास्त वेळा. तांबं थकतं, आतली एकेक तार तुटत जाते आणि वरचं आवरण शाबूत राहतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. सगळ्यात जास्त उघडतं ड्रायव्हरचं दार, म्हणून पहिला नंबर त्याचा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत ३००-४०० रुपयांत कामापुरता मल्टिमीटर मिळतो. मी घेतला, आणि त्यानंच मला आधी फसवलं होतं. वायरीत एकच तार उरलेली असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. मोटरीला कित्येक अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत. शिवाय लॉकच्या मोटरीला करंट मिळतो क्षणभरच. आकडा स्थिर व्हायच्या आत खेळ संपलेला असतो. त्यापेक्षा इंडिकेटरचा २१ वॉटचा जुना बल्ब घ्या, दोन वायरी जोडा आणि मोटरीच्या प्लगवर लावा. लख्ख पेटला तर वायर ठीक, मोटर संशयित. मिणमिणला तर वायर नाहीतर अर्थिंग. हा प्रयोग मोटरीच्या प्लगवरच करा. लॉकला हुकूम देणाऱ्या कंट्रोल बॉक्सच्या नाजूक वायरींवर नको.

मीटरचं खरं काम बॅटरीपाशी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. उभ्या गाडीत १२च्याही खाली असेल तर लॉकची लहर तिथूनच असू शकते. कधी उलटंही होतं: दाराचा स्विच अडकतो, केबिनचा ५ वॉटचा दिवा पेटता राहतो आणि दिवसाला १० अँपिअर-अवर पितो. हॅचबॅकची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तिसऱ्या दिवशी सेल्फ मारत नाही. लोक बॅटरी बदलतात, दिवा तसाच जळत राहतो.

नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन

रबरी नळी सरकवली तर आत दोन वायरी तुटलेल्या, तिसरी गंजून हिरवी पडलेली. इतक्या अडचणीच्या जागी जोडकाम करणं माझ्या हातांना झेपणारं नव्हतं. तिथून पुढे इलेक्ट्रिशियन. त्याच्यासाठी हे रोजचं काम, मजुरी सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटच्या पासंगालाही पुरली नाही.

त्याची खोड एकच: घाई. वायर पिळली, काळी टेप गुंडाळली, झालं. उन्हाळ्यात ती टेप चिकट होऊन सुटते. वितळलेल्या १५ अँपिअरच्या फ्यूजजागी ३० चा घालायलाही काहींना काही वाटत नाही. हे मात्र अजिबात चालवून घेऊ नका. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. मोठा घातला की त्याच्याऐवजी वायर जळते. रंगावरून तपासता येतं: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

म्हणून गाडी ठेवून जाऊ नका, शेजारी स्टूल टाकून बसा. ‘दादा, जोड नळीच्या आत नको,’ एवढं सांगितलं तरी निम्मं काम चांगलं होतं. सोल्डरचा जोड कडक असतो. वाकायच्या जागी आला तर त्याच्या कडेला वायर पुन्हा तुटते. तुटका भाग काढून बारीक तारांची मऊ वायर ओढायची, एक जोड दाराच्या आत, दुसरा बॉडीच्या आत, दोन्हींवर हीट-श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी नळी). दुसरी गोष्ट म्हणजे पॅडमागचं प्लॅस्टिक. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतंच आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते प्लॅस्टिक फाडून तसंच सोडलं तर पाणी कार्पेटमध्ये मुरतं. भोकंही काडीनं मोकळी करून घ्या.

पार्ट खरंच लागला तर

काचेची मोटर आणि मशीन शक्यतो त्याच कंपनीचं घ्यावं. सरसकट सगळ्या गाड्यांना बसतं म्हणून विकलं जाणारं मशीन काचेला नीट ओळीत धरत नाही, असा माझा अनुभव. लॉकचं वेगळं आहे. बाजारातल्या सेंट्रल लॉकच्या किटमधली मोटर साधी असते: ड्रायव्हरच्या दारासाठी ५ वायरींची, बाकी दारांसाठी २ वायरींची, दांडी खटक्याला जोडली की काम झालं. मूळ कंट्रोल बॉक्सच मेला असेल तर हे किट स्वस्त आणि पुरेसं. मात्र ज्या गाडीत मोटर लॅचच्या आतच आहे, तिथं किट बसवणं म्हणजे ठिगळ. अशा वेळी पुण्याची नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठून जुनी लॅच शोधणं मला पटतं. डावी-उजवी, पुढची-मागची आणि प्लगच्या पिना जुळवून घ्यायच्या, आणि दुकानातच १२ व्होल्ट लावून ती चालवून बघायची. जुना पार्ट तुमच्या गाडीच्याच वयाचा असतो, हे धरून घासाघीस करा.

माझ्या गाडीला शेवटी एकही पार्ट लागला नाही. काच आणि लॉक दोन्ही त्याच नळीत अडकले होते. पॅड उघडताना एक क्लिप माझ्याच हातानं तुटली, ती खड्ड्यात अजून किरकिरते.